इराणचा अणुबॉम्ब: ‘किती टक्के’ यापेक्षा ‘कोण मोजतंय’ हे महत्त्वाचं

‘इराण अणुबॉम्बपासून अवघ्या काही आठवड्यांवर’ ही बातमी गेली कित्येक वर्षं अधूनमधून येते. सप्टेंबर २०१२ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत बॉम्बचं चित्र हातात धरून त्यावर लाल रेघ मारली होती. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत इराण समृद्धीकरणाचा मधला टप्पा संपवेल आणि शेवटच्या टप्प्याला लागेल, असं ते म्हणाले होते. तो उन्हाळा गेला, त्यानंतर आणखी डझनभर उन्हाळे गेले. बॉम्ब झाल्याचा पुरावा कुणाला मिळालेला नाही. त्यामुळे अनेक वाचकांनी ‘लांडगा आला रे आला’ म्हणत या विषयाकडे पाठ फिरवली आहे. उरलेले प्रत्येक मथळ्याला दचकतात. दोघांचीही फसगत एकाच ठिकाणी होते: त्या ‘काही आठवड्यांत’ नेमकं काय तयार होणार आहे, हे बातमी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

इराण भारताचा शत्रू नाही. इस्रायल आणि अमेरिका मात्र त्याला शत्रू मानतात आणि तोही त्यांना. अशा देशाच्या हेतूंचा अंदाज बांधताना राग, भीती आणि राजकारण आकड्यांत मिसळतं. म्हणून आधी आकडेच नीट समजून घेऊ.

टक्क्यांचा हिशेब

खाणीतून निघणाऱ्या युरेनियमच्या १००० अणूंपैकी कामाचे, म्हणजे यू-२३५ प्रकारचे, साधारण ७ असतात. उरलेले ९९३ यू-२३८. रसायनदृष्ट्या दोघे सारखेच, फरक फक्त वजनात, तोही सव्वा टक्क्याचा. समृद्धीकरण म्हणजे या गर्दीतून ते ७ अणू जपून ठेवत बाकीचे बाहेर काढत जाणं.

वीजनिर्मितीच्या अणुभट्टीला साधारण साडेतीन ते पाच टक्क्यांचं इंधन लागतं. १००० पैकी ८०० निरुपयोगी अणू काढून टाकले की २०० उरतात. त्यांत ७ कामाचे, म्हणजे साडेतीन टक्के झाले. आणखी १६५ काढले की ३५ पैकी ७, म्हणजे २० टक्के. त्यातून २३ काढले की १२ पैकी ७, साधारण ६० टक्के. आणि शेवटी फक्त ४ काढले की ८ पैकी ७, जवळपास ९० टक्के. बॉम्बसाठी योग्य मानतात ते हेच. (प्रत्यक्षात काही यू-२३५ टाकाऊ भागात निसटतं, पण हिशेबाचा आकार हाच राहतो.)

म्हणजे ६० टक्क्यांवर असताना ९० चा आकडा अजून तीस टक्के दूर आहे म्हणून निवांत राहावं असं काही नाही. शून्यातून ९० टक्क्यांपर्यंत जाण्याच्या कष्टांपैकी सुमारे दोनतृतीयांश पहिल्याच टप्प्यात, वीजभट्टीच्या इंधनापर्यंत पोचताना, होऊन जातात. २० टक्क्यांवर नव्वद टक्क्यांच्या आसपास काम झालेलं असतं आणि ६० टक्क्यांवर जेमतेम एखादा टक्का उरतो.

याचा व्यावहारिक अर्थ वेळेपुरता नाही. काम थोडं उरलं म्हणजे त्यासाठी यंत्रंही थोडीच पुरतात. नैसर्गिक युरेनियमपासून सुरुवात करायची तर हजारो सेंट्रीफ्यूजचा (अणू वेगळे करणाऱ्या फिरत्या यंत्रांचा) भलामोठा कारखाना लागतो आणि तो उपग्रहापासून लपवणं अवघड. ६० टक्क्यांचा साठा हातात असेल तर उरलेलं काम तुलनेने छोट्या, डोंगराखालच्या एखाद्या दालनात उरकता येतं. ६० टक्क्यांची खरी धास्ती ती आहे.

यंत्र आणि त्याचे नखरे

युरेनियमची भुकटी आधी इस्फहानसारख्या रूपांतर केंद्रात युरेनियम हेक्साफ्लोराइडमध्ये बदलतात. हा पदार्थ साध्या तापमानाला घन असतो आणि ५६–५७ अंश सेल्सियसला न वितळता थेट वायू होतो. हवेतल्या ओलाव्याशी त्याची गाठ पडली की अत्यंत दाहक हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं, त्यामुळे सगळ्या नळ्या, झडपा, पंप गळतीमुक्त आणि गंजरोधक लागतात. हा वायू सेंट्रीफ्यूजच्या उभ्या नळकांड्यात सोडून ते प्रचंड वेगाने फिरवतात. इराणचं मूळ यंत्र, आयआर-१, मिनिटाला ६० हजारांहून जास्त फेरे घेतं. जड अणू भिंतीकडे सरकतात, हलके मध्याजवळ राहतात. एका यंत्रात पडणारा फरक नगण्य असतो, म्हणून १६४ किंवा त्याहून थोडी जास्त यंत्रं साखळीने जोडतात. त्या साखळीला कॅस्केड म्हणतात.

आयआर-१ चा आराखडा पाकिस्तानातून आला. तिथले अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान यांनी तो हॉलंडमधल्या युरेंको या समृद्धीकरण कंपनीच्या तंत्रज्ञानावरून उचलला आणि पुढे इराण, लिबिया, उत्तर कोरियाला पुरवला. हे यंत्र नाजूक आहे, वारंवार मोडतं. वीज क्षणभर गेली, नळकांड्याचा तोल किंचित ढळला, की ते स्वतःच्याच वेगाने फुटतं. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या संगणक विषाणूने हेच हेरलं होतं: यंत्रांचा वेग मधेच वाढवायचा, मधेच जवळजवळ थांबवायचा आणि नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर मात्र सारं ठीक दाखवायचं. नतान्झच्या समृद्धीकरण केंद्रातली सुमारे हजार यंत्रं त्यात बाद झाल्याचा अंदाज आहे.

पण इराण त्यानंतर थांबला नाही. आयआर-६ हे नवं यंत्र आयआर-१ च्या कित्येक पट काम करतं. त्यामुळे ‘किती सेंट्रीफ्यूज’ हा आकडा एकटा वाचून काही कळत नाही, कोणत्या जातीची ते सोबत बघावं लागतं.

‘ब्रेकआऊट’ म्हणजे बॉम्ब नव्हे

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था, म्हणजे व्हिएन्नाची आयएईए, एक माप वापरते. उच्च समृद्ध युरेनियमात २५ किलो यू-२३५ असेल, तर एक अणुबॉम्ब बनण्याची शक्यता नाकारता येत नाही असं ती धरते. ६० टक्क्यांच्या मालात २५ किलो यू-२३५ म्हणजे साधारण ४२ किलो माल. ‘ब्रेकआऊट’ काळ म्हणजे ठरवल्यापासून तेवढा माल ९० टक्क्यांवर न्यायला लागणारा वेळ. बातमीतले आठवडे हे असतात.

माल म्हणजे बॉम्ब नाही. त्या वायूचं पुन्हा धातूत रूपांतर करायचं, तो हवा तसा घडवायचा, स्फोटकांची आणि स्फोट सुरू करणारी यंत्रणा जुळवायची, हे सगळं क्षेपणास्त्राच्या टोकात बसेल आणि झेपावताना-कोसळताना बसणारे धक्के, उष्णता सोसेल इतकं लहान व पक्कं करायचं. यासाठीचे अंदाज काही महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंत पसरलेले आहेत. ओबडधोबड उपकरण लवकर होतं, क्षेपणास्त्रावर बसणारं उशिरा. क्षेपणास्त्रं इराणकडे आहेतच, २००० किलोमीटर पल्ल्याची.

मग काळजी मालाचीच का? कारण नजरेत येण्याजोगा टप्पा तोच आहे. कारखाने, टाक्या, वजनं, हे मोजता येतं. स्फोटकांचं आणि संगणकावरचं काम एखाद्या साध्या इमारतीत चालतं आणि बाहेरून ओळखू येत नाही. ‘चाचणी केली नाही, म्हणजे बॉम्ब नाही’ हाही भरवशाचा तर्क नाही. हिरोशिमावर पडलेल्या युरेनियम बॉम्बच्या रचनेची आधी स्फोट-चाचणी झाली नव्हती. दक्षिण आफ्रिकेने एकही चाचणी न करता सहा बॉम्ब बनवले, नंतर ते मोडीत काढले आणि १९९३ मध्ये जगाला सांगितलं.

मोजणारे डोळे

कुणाच्या महत्त्वाकांक्षेला किती गांभीर्याने घ्यायचं हे ठरवताना सर्वांत जास्त वजन निरीक्षणाला द्यायला हवं.

निरीक्षक हेक्साफ्लोराइडच्या टाक्या वजन करतात, नमुने घेतात, आत आलेला माल आणि बाहेर गेलेला माल यांचा ताळा जुळवतात. टाक्यांना आणि झडपांना सील लावतात, कॅमेरे बसवतात. सगळ्यात प्रभावी साधन मात्र सुती कापडाचा तुकडा. यंत्रावरून, भिंतीवरून, जमिनीवरून तो फिरवायचा आणि व्हिएन्नाजवळच्या साइबर्सडॉर्फच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. डोळ्यांना न दिसणारा युरेनियमचा कणही किती टक्के समृद्ध आहे हे तिथे कळतं. २०२३ च्या सुरुवातीला फोर्दोच्या समृद्धीकरण केंद्रात ८३.७ टक्क्यांचे कण सापडले ते असेच. इराणने तो साखळी जोडतानाचा अनवधानी चढउतार असल्याचं सांगितलं. तेहरानजवळच्या तुर्कुझाबादच्या गोदामात इराणने अणुकार्य जाहीर केलेलंच नव्हतं, तिथेही २०१९ मध्ये घेतलेल्या नमुन्यांत मानवी प्रक्रियेतून गेलेल्या युरेनियमचे कण निघाले. जागा धुऊनपुसून काढली तरी कण राहतात.

या व्यवस्थेच्या दोन मर्यादा आहेत. पहिली वेळेची. उच्च समृद्ध माल गायब झाला तर तो साधारण महिन्याभरात लक्षात यावा, हे आयएईएचं उद्दिष्ट असतं. २०१५ च्या अणुकराराने इराणला ३.६७ टक्क्यांची आणि ३०० किलो हेक्साफ्लोराइडची मर्यादा घातली, नतान्झमध्ये ५०६० आयआर-१ यंत्रंच चालू ठेवायची, फोर्दोत १५ वर्षं समृद्धीकरण करायचं नाही असं ठरवलं, तेव्हा ब्रेकआऊटचा काळ वर्षाच्या आसपास गेला होता. महिन्याच्या तपासणीला ते भरपूर. मे २०१८ मध्ये ट्रम्प यांनी अमेरिकेला करारातून बाहेर काढलं, वर्षभराने इराणने एकेक मर्यादा ओलांडायला सुरुवात केली आणि एप्रिल २०२१ मध्ये ६० टक्के गाठले. काही वर्षांत तोच काळ आठवडाभरावर आला. चोरी लक्षात यायच्या मुदतीपेक्षा चोरीला लागणारा वेळ कमी झाला, तेव्हा ही भीती प्रचारापुरती उरली नाही.

दुसरी मर्यादा अधिक घातक. फेब्रुवारी २०२१ मध्ये इराणने जादा तपासणीचा ‘अतिरिक्त प्रोटोकॉल’ पाळणं थांबवलं. त्यामुळे सेंट्रीफ्यूजचे सुटे भाग, विशेषतः फिरणारी नळकांडी, जिथे बनतात त्या कार्यशाळा नजरेआड गेल्या. जून २०२२ मध्ये २७ कॅमेरे काढले गेले. त्या काळात किती यंत्रं बनली आणि ती कुठे गेली, हे आयएईएला आता मागे जाऊन जुळवता येत नाही. ६० टक्क्यांचा साठा आणि हिशेबाबाहेरची यंत्रं यांची बेरीज करून बघा. वर सांगितलेलं छोटं लपवलेलं दालन त्यातूनच शक्य होतं.

याउलट जपानकडे वेगळं काढलेलं प्लुटोनियम (बॉम्बला चालणारा दुसरा माल) ४० टनांहून अधिक आहे, बरंचसं ब्रिटन-फ्रान्समध्ये ठेवलेलं. प्लुटोनियमसाठी आयएईएचं माप फक्त ८ किलोचं आहे. तरीही जगाची झोप उडत नाही, कारण जपान पूर्ण तपासणी करू देतो.

इतिहासात दोन्हीकडून झालेल्या चुका

इराकची गोष्ट दोन वेळा धडा देते. १९८१ मध्ये इस्रायलने ओसिराक अणुभट्टी उडवली. त्यानंतर सद्दामने काम थांबवलं नाही, ते गुप्तपणे आणि कितीतरी वाढवून सुरू केलं. १९९१ च्या युद्धानंतर निरीक्षक आत गेले तेव्हा चकित झाले. जिथे वर्षानुवर्षं नियमित तपासणी होत होती त्याच तुवैथा अणुकेंद्राच्या आवारात, न जाहीर केलेल्या इमारतींत, काम चालू होतं. दाखवलेल्या खोलीपुरतीच तपासणी करायची, हा नियमच फसवा होता. अतिरिक्त प्रोटोकॉल त्यातून जन्माला आला.

२००३ मध्ये नेमकं उलट झालं. ॲल्युमिनियमच्या नळ्या सेंट्रीफ्यूजसाठी आहेत असा अमेरिकेचा दावा होता, त्या रॉकेटसाठीच्या निघाल्या. नायजरमधून युरेनियम घेतल्याची कागदपत्रं बनावट असल्याचं आयएईएचे प्रमुख एल बरादेई यांनी ७ मार्च २००३ ला सुरक्षा परिषदेत सांगितलं. निरीक्षक इराकमध्ये होते आणि त्यांना अणुकार्यक्रम पुन्हा सुरू झाल्याचं दिसत नव्हतं. तरी दोन आठवड्यांच्या आत युद्ध सुरू झालं.

भारतीय वाचकाला तिसरं उदाहरण जास्त लागेल. पाकिस्तानकडे अणुबॉम्ब नाही असं दरवर्षी लिहून दिल्याशिवाय त्याला मदत देता येणार नाही, असा प्रेसलर दुरुस्तीचा अमेरिकी कायदा १९८५ मध्ये झाला. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजांविरुद्ध पाकिस्तान हवा होता, म्हणून पाकिस्तानच्या कहुटा अणुकेंद्रात काय चाललंय याची माहिती असूनही ते प्रमाणपत्र १९८९ पर्यंत दिलं गेलं. गरज संपली आणि १९९० मध्ये ते थांबलं. धोक्याचं माप अनेकदा धोक्यावरून ठरत नाही, मोजणाऱ्याच्या सोयीवरून ठरतं.

आणि आपल्याच घरचं: १९७४ च्या पोखरण चाचणीचं प्लुटोनियम मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या सायरस अणुभट्टीतून आलं. ती कॅनडाने शांततेच्या वापरासाठी दिली होती. ‘शांततेसाठी’ या शब्दावर जग सहजासहजी विश्वास का ठेवत नाही, हे आपल्याला तरी समजायला हवं.

हेतू कशावरून ओळखायचा

हेतू कुणाच्या मनात शिरून कळत नाही, पण खुणा मागे राहतात. इराणच्या बाबतीत त्या परस्परविरोधी आहेत आणि दोन्ही बाजू धरून ठेवाव्या लागतात.

नतान्झ २००२ मध्ये इराणच्या निर्वासित विरोधकांनी उघड केलं. कोमजवळच्या डोंगराखालचं फोर्दो २००९ मध्ये अमेरिका, ब्रिटन, फ्रान्सने जाहीर केलं. दोन्ही ठिकाणं इराणने आपणहून वेळेवर सांगितली नव्हती. आयएईएच्या डिसेंबर २०१५ च्या अहवालानुसार २००३ संपण्यापूर्वी अण्वस्त्राशी संबंधित संघटित काम झालं होतं, काही तुरळक काम २००९ पर्यंत. बुशेहरच्या वीजभट्टीला इंधन रशिया देतो आणि तेहरानच्या संशोधन भट्टीला २० टक्के पुरतात. मग ६० टक्क्यांचं इतकं उत्पादन कशासाठी, याचं पटेल असं नागरी उत्तर मिळत नाही. अण्वस्त्रं नसलेला दुसरा कोणताही देश तेवढ्या पातळीचा माल बनवत नाही, हे आयएईएचे प्रमुख राफाएल ग्रोसी वारंवार सांगत आले.

दुसऱ्या बाजूला, शस्त्र बनवण्याचं संघटित काम २००३ मध्ये थांबलं, असं अमेरिकी गुप्तचर यंत्रणांनी २००७ मध्ये म्हटलं. मार्च २०२५ मध्येही इराण बॉम्ब बनवत नाही, इराणचे त्या वेळचे सर्वोच्च नेते खामेनेई यांनी तसा आदेश दिलेला नाही, असं या यंत्रणांनी अमेरिकी संसदेला सांगितलं. इराणला उंबरठ्यावर उभं राहायचं होतं, आत पाऊल टाकायचं की नाही हे हातात ठेवून, असंच यातून दिसतं. ते खोटं नाही आणि निरुपद्रवीही नाही. उंबरठ्यावरच्या देशाचा निर्णय एका बैठकीत बदलू शकतो. खामेनेईंचा बॉम्बविरोधी फतवा सत्ताधारी बदलू शकतात. देशाचं अस्तित्व धोक्यात आलं तर धोरण बदलू, असं खामेनेईंचे सल्लागार कमाल खराझी २०२४ मध्ये उघड म्हणालेच होते.

जून २०२५ नंतर

१२ जून २०२५ ला आयएईएच्या मंडळाने इराणने बंधनं मोडल्याचा ठराव १९ विरुद्ध ३ मतांनी केला. ११ सदस्य तटस्थ राहिले. दुसऱ्या दिवशी इस्रायलने हल्ला केला. २२ तारखेला अमेरिकेने फोर्दो आणि नतान्झवर खोल भेदणारे १४ बॉम्ब टाकले आणि इस्फहानवर क्षेपणास्त्रं सोडली. सेंट्रीफ्यूज कंपनाला किती नाजूक असतात ते पाहता फोर्दोतली यंत्रं वाचली असण्याची शक्यता कमी.

पण हल्ल्याच्या वेळी ६० टक्क्यांचा साठा, आयएईएच्या अंदाजाने, ४४०.९ किलो होता. ४२ ने भागलं तर दहाहून थोड्या अधिक बॉम्बांपुरता. डुबकी मारणाऱ्यांच्या पाठीवरच्या टाकीएवढ्या टाक्यांत तो मावतो आणि गाड्यांतून हलवता येतो. मोठा भाग इस्फहानच्या बोगद्यांत असावा असा ग्रोसींचा कयास आहे. जुलैत इराणने आयएईएशी सहकार्य थांबवण्याचा कायदा लागू केला. नंतर निरीक्षक बुशेहरला परतले, पण २०२५ संपेपर्यंत बॉम्ब पडलेल्या तिन्ही ठिकाणी त्यांना जाता आलं नाही. सप्टेंबरअखेर संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध परत लागू झाले. कारखाने मोडले, हे खरं. त्याच झटक्यात मालाचा ठावठिकाणाही गेला. हल्ल्याने धोका संपला असं म्हणणाऱ्यांनी ओसिराकनंतरचा इराक आठवावा.

म्हणून पुढच्या बातमीत भाषणं, संसदेतल्या घोषणा, संचलनातली क्षेपणास्त्रं यांना फार किंमत देऊ नका. आयएईएचा तिमाही अहवाल बघा आणि त्यात साठ्याच्या आकड्याआधी तो आकडा प्रत्यक्ष मोजलेला आहे की अंदाजाने लिहिलेला, ते बघा. युरेनियम धातू बनवल्याची नोंद दिसली तर थांबून वाचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये इस्फहानला फक्त ३.६ ग्रॅम धातू बनला होता, तोही नैसर्गिक युरेनियमचा, तरी तज्ज्ञ सावध झाले. कारण इराणकडे त्याचा तातडीचा नागरी उपयोग नव्हता आणि बॉम्बच्या वाटेवर हा टप्पा लागतोच. नतान्झजवळच्या डोंगरात २०२५ मध्ये नवे बोगदे खोदले जात होते, तिथे निरीक्षकांना जाऊ दिलं का हे बघा. अण्वस्त्र प्रसारबंदी करारातून बाहेर पडायला तीन महिन्यांची नोटीस लागते. ती दिली गेली तर तो सर्वांत मोठा इशारा समजावा. उत्तर कोरियाने डिसेंबर २००२ मध्ये निरीक्षक हाकलले, जानेवारी २००३ मध्ये करार सोडल्याचं जाहीर केलं आणि ९ ऑक्टोबर २००६ ला पहिली चाचणी केली.

आणि या सगळ्यांच्या आधी, त्या ४४०.९ किलोच्या टाक्या कुणी पुन्हा वजनकाट्यावर ठेवून मोजल्या का, हे शोधा. ते होईपर्यंत ‘इराण इतक्या आठवड्यांवर आहे’ किंवा ‘इराण दहा वर्षं मागे गेला’, यातलं कुठलंही विधान छातीठोकपणे करण्याइतकी माहिती बाहेर कुणाकडे नाही.